आवणीच्या दिवसांत पाड्यावर पाळणाघर : अनुभव आणि सल्ला हवाय

कुडाची भिंत | १२ मे, रात्री १०:१०

इथे सात-आठ वर्षं नुसती वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर चालवून घ्या.

मी मूळची जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची, वारली. नोकरीमुळे नाशकात असते. आई आमच्याच पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. म्हणजे वजनकाटा, रजिस्टरं आणि खिचडीचं पातेलं बघतच मोठी झाले. तरी एक गोष्ट गेल्या वर्षी भाच्यामुळे कळली.

बहिणीचा धाकटा, तेव्हा सव्वा वर्षाचा. जूनमध्ये अंगणवाडी सेविकेने दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी लावली तेव्हा पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषित होता. ऑगस्टच्या मध्यावर लाल, म्हणजे दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्याही खाली. मधल्या दोन महिन्यांत घरात काही वाईट घडलं नव्हतं. तांदूळ होता, डाळ होती, अंगणवाडीची पाकिटं फळीवर होती. फक्त आवणी होती.

आवणी म्हणजे भाताची लावणी. राबावरचं, म्हणजे रोपांच्या वाफ्यातलं रोप उपटायचं, जुड्या बांधायच्या, खाचरात लावायचं, आणि पाऊस धरून आहे तोवर उरकायचं. बहीण पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची, साडेसहाला खाचरात. परत यायला अंधार. पोर कुणाकडे? सात वर्षांच्या मोठीकडे. ती त्याला कडेवर घेऊन फिरायची आणि रडला की कोऱ्या चहात भाकरीचा तुकडा बुडवून द्यायची. त्या दोन महिन्यांत तिची शाळा अकरा दिवस भरली.

अंगणवाडीत बसवून गरम खाऊ देतात तो तीन ते सहा वर्षांच्या पोरांना. तीनच्या आतल्यांना पाकीट घरी न्यायचं. सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं लहानग्यांनाही आहे, पण अंगणवाडी उघडी असते त्या वेळात पोराला उचलून तिथवर नेणारं कुणी हवं ना. आणि पाकिटाचं म्हणाल तर ते घरी येतं, पण ते शिजवून दिवसातून चार वेळा भरवणारं माणूस खाचरात वाकलेलं असतं.

भाच्याला पोषण पुनर्वसन केंद्रात नेलं. तिथे चौदा दिवस राहायचं असतं. बहीण सहाव्या दिवशी त्याला घेऊन निघून आली. एक बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुम्ही लोक पोरं काढता आणि बघत नाही." बुडीत मजुरी मिळते हे बहिणीलाही ठाऊक होतं. पण रोप जून झालं की लावून उपयोग नाही, आणि आमच्याकडे तोच वर्षाचा भात. चौदा दिवसांची मजुरी मिळाली म्हणून वर्षाचा भात थोडाच मिळतो. भाचा आता बरा आहे, दिवसभर कोंबड्यांमागे धावतो.

तर यंदा आम्ही ठरवतोय की आवणीचे पाच आठवडे आमच्या जुन्या घराच्या पडवीत सहा महिने ते तीन वर्षांची पोरं सांभाळायची. आई आणि अजून एक बाई. अंदाजे बारा-पंधरा पोरं. कुणी असं केलंय का? काय खायला द्यावं, किती बायका लागतील, कशाची काळजी घ्यावी? फोटो काढून पैसे जमवायचे नाहीत, हे आधीच सांगते.

अर्धा चहा | १२ मे, रात्री १०:५२

वाचतोय. "फक्त आवणी होती" इथे थांबलो होतो जरा वेळ.

अनुभव शून्य, पण मुलाची जुनी खेळणी आणि एक वॉकर माळ्यावर पडलाय. चांगल्या स्थितीत आहे. पाठवू का?

जुनी मुख्यसेविका | १३ मे, सकाळी ७:०५

ताई, आईला माझा नमस्कार सांगा. मदतनीस ही अंगणवाडीतली सगळ्यात आधी येणारी आणि सगळ्यात शेवटी जाणारी बाई, आणि तिचं नाव कुठल्या अहवालात येत नाही.

मी डहाणू आणि तलासरी भागात बरीच वर्षं काढली. तुम्ही नवीन काही करताय असं समजू नका, तुमच्या शेजारचंच जुनं काम पुढे नेताय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथेही अडचण हीच, तुमच्या भाचीची. मोठी बहीण शाळेत यायची तर धाकटं कडेवर. मग विकासवाडी या त्यांच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात ठेवली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात जाऊन शाळा, तिला नावच कुरणशाळा.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिने अंगणवाडी घेतली, पाळणाघर मात्र कोसबाडलाच राहिलं. मी बैठकांमधून हे बोलायची तेव्हा साहेब म्हणायचे, बाई, आधी रजिस्टर पुरं करा.

आता कामाचं. आदिवासी भागात ३०० लोकवस्तीला एक अंगणवाडी असा निकष आहे, मिनी अंगणवाडी १५० ला. कागदावर ठीक. पण पाडे असतात विखुरलेले, मध्ये ओढा. जुलैत ओढ्याला पाणी आलं की पलीकडची पोरं गेली. तेव्हा तुमच्या पडवीपासून ओढ्याच्या पलीकडे किती घरं आहेत ते आजच मोजा.

दुसरं, सेविकेला विश्वासात घ्या. तिला डावलून केलंत तर तिला वाटेल तिच्या कामावर बोट ठेवलंय. पट्टी तिच्याकडे, काटा तिच्याकडे, आशाची ओळख तिच्याकडे. पहिला चहा तिच्या घरी घ्या.

टिकोजी | १३ मे, सकाळी ९:३०

कटू बोलतो, राग मानू नका. अंगणवाडी आहे, पाकीट आहे, अंडी आहेत, बाळंतिणीला जेवण आहे, दवाखान्यात राहिलं तर मजुरीसुद्धा आहे. आणखी किती द्यायचं? स्वतःच्या पोराला भरवणं ही आईबापाची जबाबदारी नाही का? आमच्या आज्याही शेतात राबल्या आणि आठ-आठ पोरं वाढवली.

अर्धा चहा | १३ मे, सकाळी ९:४१

आठ वाढवली, बरोबर. जन्मली किती होती, तेही आजीला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

कुडाची भिंत | १३ मे, दुपारी १:१५

टिकोजी, राग नाही. बापांबद्दल विचारलंत ते रास्तच आहे. आवणीत बाप नांगर-चिखलणीला असतो आणि ती झाली की बऱ्याचदा दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला. घरी बसून असतो असं नाही. पण पोराला भरवणं हे बाईचं काम, हे आमच्याकडेही तितकंच घट्ट बसलंय जितकं तुमच्याकडे.

तुमच्या सोसायटीत दोघं नोकरी करणारे असतील तर पोर पाळणाघरात जातं ना? त्याला कुणी बेजबाबदार म्हणत नाही. मी तेवढंच मागतेय. फक्त ऑफिस खाचरात आहे.

अर्धा चहा, वॉकर नको. आमच्याकडे जमीन शेणाने सारवलेली आणि अंगणाला उतार. खेळण्यांचं नंतर बोलू.

बालवैद्य | १३ मे, रात्री ११:२०

दिवसभर ओपीडी, म्हणून उशीर. वॉकर सपाट फरशीवरसुद्धा देऊ नका, कुणीच.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगने आदिवासी गावांतून नेमकं हेच केलंय, फुलवारी या नावाने. सहा महिने ते तीन वर्षं हाच वयोगट. गावातल्याच बायका सांभाळतात. तेव्हा वेड्यासारखं काही करतोय असं वाटू देऊ नका.

पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं, हे आईला सांगा. अर्थात त्यांनी ते माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. एकदा पातेलंभर भरवून उपयोग नाही. दिवसातून तीनदा खाणं, मध्ये एकदा काहीतरी सुकं. मऊ खिचडीत वरून तेल घाला, प्रत्येक वाटीत एक चमचा. भात-डाळीने पोट भरतं पण ताकद कमी पडते, ती तेल भरून काढतं. आदिवासी भागात मला सगळ्यात जास्त कमी दिसते ती तेलाची, कारण तेल विकत आणावं लागतं. अंडं उकडून कुस्करून. नागलीची पेज चालेल, पण पातळ पाण्यासारखी नको. चमचा उलटा केला तर सावकाश पडली पाहिजे.

शेंगदाणे अख्खे अजिबात देऊ नका. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा मी काढलाय, आणि एकदा काढता आला नाही. कूट करा, गुळाबरोबर मऊ लाडू करा. वर्षाच्या आतल्यांना मध नको.

सहा महिन्यांच्या बाळांचं अवघड आहे, त्यांना अंगावर पाजावं लागतं. आई दुपारी एकदा येऊन पाजू शकेल अशी बाळंच घ्या, किंवा ती खाचरं पडवीजवळची असू द्या.

लाल पट्टीचं पोर आलं, त्याला ताप असला, पायावर सूज असली किंवा ते खातच नसलं, तर पाळणाघर हा उपाय नाही. त्याला थेट दवाखाना. हे आईला वेगळं बजावून सांगा.

हिशेबनीस | १४ मे, सकाळी ८:५०

सवयीप्रमाणे आकडे मांडतो. पंधरा पोरं, तीस दिवस, म्हणजे ४५० पोर-दिवस.

रोज एक अंडं धरलं तर ४५० अंडी, सात रुपयांनी ३१५० रुपये. तांदूळ साधारण २७ किलो, डाळ ११, तेल ९, शेंगदाणे ९, गूळ ७ किलो. एकूण खाण्याचा खर्च नऊ हजारांच्या आत बसतो. साबण, सरपण, चटया धरून दहा. तांदूळ-डाळ घरोघरून मूठ-मूठ आली तर अजून कमी.

दोन बायकांची मजुरी रोजची तीनशे धरली तरी अठरा हजार. म्हणजे पोषण आहारावर जेवढं बोललं जातं त्याच्या दुप्पट पैसा लागतो तो भरवणाऱ्या हातांना, आणि त्यासाठी योजनांमध्ये रकाना सहसा सापडत नाही.

अगदीच नाही असं नाही म्हणा. रोजगार हमीच्या कायद्यात आहे की कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच किंवा जास्त लहान पोरं असतील, तर त्यातल्याच एका बाईला त्यांना सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. मी वीसेक कामांची मस्टरं तपासली असतील. पोरं सांभाळणारी म्हणून लावलेली हजेरी एकदा दिसली, आणि ती बाई प्रत्यक्षात पाणी वाटत होती. तेही आवणीला लागू नाही, स्वतःच्या शेतात कसलं मस्टर.

तुमचं क्षेत्र पेसात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात असेल तर ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट येतो, तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. बहुतेक ठिकाणी गटारं आणि पेव्हर ब्लॉक होतात. यंदा उशीर झाला, पण पुढच्या वर्षाच्या आराखड्यात हे घालायला लावा. ठरावाचा मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.

सिपनाकाठ | १४ मे, रात्री ९:१५

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात शिक्षक. आमच्याकडे कोरकू. तुमच्याकडे पाऊस भातावर, आमच्याकडे ज्वारी-सोयाबीनवर, बाकी गोष्ट तीच. एक भर घालतो, भाषेची.

वारली बोली मराठीच्या जवळची, त्यामुळे तुमच्याकडे हा प्रश्न कमी टोचत असेल. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातं नाही. पाण्याला डा, खाण्याला जोम, घराला उरा. पोर तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत येतं आणि पहिल्याच दिवशी त्याला सगळं परकं.

एकदा बाहेरगावच्या एक पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. भिंतीवर चित्रांचा तक्ता. वाघावर बोट ठेवून विचारलं, हे काय? चार वर्षांचा पोरगा ताठ उभा राहून म्हणाला, "कुला!" बाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटलं पोराला घरून भलतंच शिकवलंय. कोरकूत कुला म्हणजे वाघ. आमच्याकडे तर आदराने कुला मामा म्हणतात. सेविका कोरकू होती म्हणून निभावलं, नाहीतर त्या पोराला बरोबर उत्तराबद्दल ओरडा बसला असता आणि तो पुढचे सहा महिने तोंड उघडता ना.

पर्यवेक्षिका मनाने चांगल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं, कुला, डा, जोम. पुढच्या वेळी आल्या तेव्हा पोरांना "जोम?" विचारत होत्या.

सांगायचं एवढंच की तुमच्याकडे आईच पोरं सांभाळणार, म्हणजे निम्मं काम तिथेच झालं. लहान पोर ओळखीच्या आवाजाच्या हातून खातं.

अजून एक. झाडपाला-मंत्र करणारे तुमच्याकडे भगत असतील, आमच्याकडे भूमका. बाळाचं पोट फुगलं की गरम लोखंडाने पोटावर चटके देतात, डंबा म्हणतात. ते थांबवायला नुसतं दटावून काही झालं नाही. भूमकालाच सोबत घेतलं, "तू तुझा धागा बांध, मग गाडीत बसव" असं ठरलं, तेव्हा काही पोरं वेळेत दवाखान्यात पोचू लागली. सगळी नाही.

दूरदेशी | १५ मे, पहाटे ४:३०

न्यूझीलंडहून. आवणी म्हणजे काय ते हा धागा वाचून कळलं, तरी सिपनाकाठ यांचं वाचून राहवलं नाही.

इथे माओरींनी १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वायनुइओमाटात पहिलं कोहांगा रेओ उघडलं. शब्दशः भाषेचं घरटं. नवी पिढी इंग्रजीच बोलायला लागली होती, म्हणून आज्या-आजोबांनी बाळांना सांभाळायचं आणि त्यांच्याशी फक्त माओरीत बोलायचं. पगारी शिक्षिका नंतर आल्या, आधी घरचीच माणसं. माझी मुलगी इथल्या साध्या बालवाडीत जाते, तीही माओरी गाणी गात येते. मराठी मात्र मलाच शिकवावी लागते आणि ती उत्तर इंग्रजीत देते.

पैसे पाठवायचे असतील तर कसे पाठवू?

कुडाची भिंत | १५ मे, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देते.

मुख्यसेविकाबाई, ओढ्यापलीकडे चार घरं, त्यात तीन पोरं. तुम्ही म्हणालात म्हणून मोजली. आधी हे डोक्यातच आलं नव्हतं. सेविकेकडे आई जाऊन आली. ती म्हणाली, "मला कशाला वाईट वाटेल, माझी पण आवणी आहे."

डॉक्टर, शेंगदाण्याचं आईला वाचून दाखवलं. तिने लगेच खलबत्ता काढून ठेवला.

दूरदेशी, पैसे नको म्हणाले होते ते फोटोंमुळे. आमच्या तालुक्यात १९९२ मध्ये वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं गेली, तेव्हापासून पावसाळा आला की गाड्या येतात, कॅमेरे येतात, बिस्किटं वाटतात. लहानपणी मी स्वतः अशा रांगेत उभी राहिलेय, मला सांगितलं होतं की हसू नकोस. ते डोक्यातून जात नाही. तुमच्याबद्दल काही नाही त्यात.

भाषेचं वाटतं तेवढं सोपं आमच्याकडेही नाही. माझ्या आईने मला शाळेसाठी मराठीच बोल म्हणून दटावलं. आता भाच्याशी मी वारलीत बोलायला जाते तर तो माझ्याकडे बघून हसतो.

टिकोजी | १६ मे, सकाळी १०:१०

रांगेचं वाचलं. माझी भाषा वरच्या पोस्टमध्ये चुकली.

प्रश्न मात्र विचारतोच. पडवीत साप निघाला, पोर ओढ्यात गेलं, तर जबाबदार कोण? चांगलं करायला जाऊन तुमच्या आईच्या गळ्यात येऊ नये.

जुनी मुख्यसेविका | १६ मे, दुपारी ४:४०

हा बरोबर प्रश्न आहे. पाड्याची बैठक बोलवा, सगळ्या आयांसमोर ठरवा आणि लिहून सह्या-अंगठे घ्या. पडवीला बांबूचा कूड करून एकच दार ठेवा, त्याची कडी मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच. पाण्याची बादली जमिनीवर नको, बोटभर पाण्यातही पोर बुडतं. आठ पोरांमागे एक बाई, यापेक्षा जास्त पोरं घेऊ नका, मग कुणी कितीही विनवू दे. दोघींपैकी एक पोरांपाशी, एक चुलीपाशी असं करू नका. चुलीला तिसरी लागेल.

आणि पावसाळ्यातच हे का करायचं, दिवाळीनंतर काय, हाही विचार करून ठेवा. पीक निघालं की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. रजिस्टरमध्ये "गावाला गेले" एवढं लिहिलं जायचं. ती पोरं होळीला परत यायची तेव्हा निम्म्यांची पट्टी बदललेली असायची. आता स्थलांतर नोंदवणारं ॲप आलंय म्हणतात. भट्टीजवळच्या अंगणवाडीने त्या पोराला आपलं मानलं, तरच ॲपचा उपयोग.

कुडाची भिंत | २४ ऑगस्ट, रात्री १०:३०

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. संपली आवणी.

बैठक झाली जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मी हिशेबनीसांचे आकडे घेऊन गेले होते, दोन बायकांची अठरा हजार मजुरी, ती मी आणि भाऊ मिळून देणार होतो. बायका ऐकून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "पैसं कशाला? तुज्या आयशीची आवनी आम्ही सगल्या मिलून पहिली करू. तवर ती पोरा सांभाललं." बाकीच्या दोघींचंही तसंच. म्हणजे सावडच, एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात तशी, फक्त हातांच्या बदल्यात पोरं सांभाळणं. आमच्या घरची आवणी इतक्या लवकर कधीच झाली नव्हती, चार दिवसांत सगळी खाचरं हिरवी. मी नोकरदार बाई पगार मोजत बसले होते.

पहिल्या दिवशी चार पोरं आली. तिसऱ्या दिवशी तेरा. मुख्यसेविकाबाईंचा आकडा आईने पाठ केला होता, सोळाच्या वर घेतलं नाही, एकीला परत पाठवलं. ती दोन दिवस आईशी बोलली नाही.

मी दोन शनिवार-रविवार जाऊन राहिले. सकाळी सातला पोरं यायची, काही झोपेतच, आईच्या इरल्याखाली. एक दीड वर्षाची मुलगी पहिला आठवडा दाराच्या कडीखालीच बसून होती, कूडाच्या फटीतून बाहेर बघत. खायला दिलं की तोंड फिरवायची. आई तिच्याशी काही बोलायची नाही, नुसती शेजारी बसून तांदूळ निवडायची. आठव्या दिवशी तिने सुपातला एक दाणा उचलून आईच्या तोंडात घातला. त्या दुपारी खिचडी खाल्ली.

अडचणीही सांगते. दुसऱ्या आठवड्यात तीन पोरांना जुलाब लागले. आशाताईने ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, पोरं सुधारली, पण दोन दिवस बंद ठेवावं लागलं. कारण सापडलं, पिण्याच्या हंड्यात सगळ्यांचे पेले बुडत होते. मग दांडीचा ओगराळा आणला. सरपण ओलं, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. शेवटी मी गॅसची लहान शेगडी नेली. ओढ्यापलीकडची तीन पोरं पाच आठवड्यांत नऊ दिवस आली. त्याला काही उपाय सापडला नाही.

पट्टी सेविकेने लावली, आधी आणि नंतर. सुरुवातीला चार पिवळ्यात होती. दोन हिरव्यात गेली, दोन पिवळ्यातच आहेत. लाल कुणी नाही. सोळा पोरांवरून काही सिद्ध होत नाही, ते मला कळतं. भाचीची शाळा मात्र जवळपास रोज भरली. पहिले चार दिवस ती भावाला सोडायला यायची आणि दप्तर घेऊन दारातच उभी राहायची, आता खरंच जायचं का असं आईकडे बघत.

बालवैद्य | २५ ऑगस्ट, रात्री १२:०५

पिवळ्यातल्या त्या दोघांची पट्टी दर पंधरवड्याला लावायला सांगा. तेल किती गेलं?

कुडाची भिंत | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

नऊ किलो आणलं होतं, सव्वा किलो उरलं. सुरुवातीला आई हात आखडता घ्यायची. एवढं तेल पोरांच्या ताटात ओतायचं तिला जिवावर यायचं. मग तुमची पोस्ट पुन्हा वाचून दाखवली.

बायका आता विचारतायत, भातकापणीला उघडणार का.

जुनी मुख्यसेविका | २५ ऑगस्ट, सकाळी ९:००

उघडा. कापणीला ऊन असतं, पाणी पावसाळ्याच्या दुप्पट ठेवा, आणि दुपारी पडवीला पश्चिमेकडून ऊन येत असेल तर पेंढ्याचा आडोसा आत्ताच करून घ्या. त्या दिवसांत झोडणीचा भुसा उडतो, खोकल्याची पोरं खळ्यापासून लांब. ओगराळा घासून टांगून ठेवा, हंड्यात सोडू नका.

हिशेबनीस | २५ ऑगस्ट, सकाळी ९:२०

ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मजुरीचा रकाना कोरा ठेवलाय, सावड कशी लिहायची ते मला सुचलं नाही. आईंना विचारून भरा.